ऑन रोड दाखवलेली गाडी

फौजेतलं माझं शेवटचं पोस्टिंग राजस्थानात, सरहद्दीजवळच्या एका वर्कशॉप डिटॅचमेंटला होतं. मी हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. जून महिना. रूटीन ठरलेलं. 0530 ला पीटी, 0700 ला काम सुरू, 0800 ला गाड्यांची स्टेट. स्टेट म्हणजे कोणती गाडी 'ऑन रोड', म्हणजे धावण्यालायक, आणि कोणती 'ऑफ रोड', म्हणजे दुरुस्तीला, याचा रोजचा कागद. हा कागद वर जातो, आणि वर जाता जाता त्यातल्या ऑफ रोड गाड्या आपोआप कमी होतात. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

आता सोलापुरात होटगी रोडला माझं गॅरेज आहे. उन्हाळ्यात एक तक्रार हमखास येते, एसी लावला की इंजिन तापतं. परवा नवी पेठेतले एक कापडवाले आले. म्हणाले, "आदीच्या मेकॅनिकनं सांगितलंय, एसी लावू नका, मग गाडी एकदम ओके हाय की." मी त्यांच्यावर ओरडलो. एसी लावल्यावर तापणारी गाडी एसी बंद करून 'ओके' होत नाही. तिचा आजार फक्त झाकला जातो. गिऱ्हाईकावर ओरडू नये हे मला कळतं. पण हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे सांगायला हवं.

नायक सिद्धाराम बिराजदार, मैंदर्गीचा. वाळूत रुतलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या रिकव्हरी सेक्शनला होता. आम्ही दोघंच सोलापूर जिल्ह्याचे, त्यामुळे लवकर जमलं. सुट्टीवरून येताना तो शेंगाचटणीचा डबा आणायचा. त्या डब्यावर पहारेकरी बसवायचाच काय तो बाकी होता. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, बाकीच्यांशी हिंदी. तिन्ही भाषांत कमी बोलायचा.

त्या महिन्यात इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हटलं की फौजेत सगळ्यात आधी गाड्या धुतल्या जातात. दहा दिवस आमची अॅम्ब्युलन्स रोज प्रेशर पंपानं धुतली जात होती. समोरच्या जाळीवर पाण्याचा फवारा मारायचा, मग टायरला काळं पॉलिश. गाडी नवरदेवाच्या घोड्यासारखी दिसत होती.

दहाव्या दिवशी ड्रायव्हर, लान्स नायक यादव, येऊन म्हणाला, "उस्ताद, एसी चलाते ही गरम होती है."

मी क्रमानं तपासलं. रेडिएटरमधलं पाणी बरोबर. कॅप ठीक. बेल्ट ताणलेला. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, उघडला, म्हणजे तोही ठीक. एसी बंद ठेवून इंजिन अर्धा तास चालवलं, तापमानाचा काटा मध्यावर. एसी लावला, दहा मिनिटांत काटा लालकडे. मग जॉब कार्डचा एक कागद घेतला आणि चालू गाडीच्या समोरच्या जाळीवर धरून सोडला. आतला पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. कागद खाली पडला.

एसीचा कंडेन्सर पुढं असतो आणि रेडिएटर त्याच्या मागं. मध्ये दोन बोटांची फट. एसी चालू असला की कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरवर टाकतो, म्हणून मधून हवा खेळती लागते. मी बॅटरी लावून फटीत पाहिलं. पुढून कंडेन्सर लख्ख होता. मागं वाळूचा चिखल वाळून भिंत झाली होती. दहा दिवस आम्ही समोरून पाणी मारून बारीक वाळू आत ढकलत होतो आणि ऊन ती भाजत होतं. गाडी आम्हीच धुऊन धुऊन बिघडवली होती.

मी सुभेदारसाहेबांकडं गेलो. "साहेब, रेडिएटर उतारना पडेगा. एक दिन ऑफ रोड दे दो."

"परसों इन्स्पेक्शन है. अॅम्ब्युलन्स ऑफ रोड? पागल हो क्या?"

"एसी चलेगा तो इंजिन उबलेगा, साहेब."

"तो एसी का फ्यूज निकालो. ऑन रोड दिखाओ."

मी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवला. स्टेटवर 'ऑन रोड' लिहिलं आणि सही केली. हुकूम त्यांचा होता. सही माझी होती. त्यांचा राग मला आजही येतो, पण तो राग करताना माझी सही मला मध्ये येते.

दुसऱ्या दिवशी रिहर्सल होती. मोठे साहेब येणार तेव्हा रुतलेला ट्रक ओढून दाखवायचा, म्हणून सिद्धाराम सकाळपासून तोच ट्रक पुन्हा पुन्हा रुतवून पुन्हा पुन्हा ओढत होता. 1240 ला तो वाळूत पडला. अंग तव्यासारखं गरम, घामाचा थेंब नाही, बोलणं असंबद्ध. नर्सिंग असिस्टंटनं हात लावला आणि म्हणाला, "हीट स्ट्रोक. हॉस्पिटल, अभी." हॉस्पिटल दीड तासावर.

1255 ला निघालो. मागं सिद्धाराम, नर्सिंग असिस्टंट आणि मी. ओल्या चादरी, कुकहाऊसमधला बर्फ. पत्र्याचा डबा आतून भट्टी झाला होता. बर्फ बघता बघता वितळला. 1305 ला मी गाडी थांबवून खिशातला फ्यूज जागेवर बसवला.

गार हवा आली. सिद्धारामनं डोळे उघडले. "नीरु," म्हणाला. कन्नडमध्ये पाणी.

"देतो की रं. दम धर, आलंच हॉस्पिटल," मी म्हणालो. ओठ ओले केले.

1318 ला यादवनं ओरडून सांगितलं, काटा लालमध्ये. दोन मिनिटांत बॉनेटमधून वाफ. गाडी थांबली. मी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, अॅम्ब्युलन्स वन. गाडी गरम, रुकी हुई है. दूसरी गाडी भेजो. ओव्हर."

"अॅम्ब्युलन्स वन, आपकी गाडी ऑन रोड है. ओव्हर."

तो माझंच लिहिलेलं मला वाचून दाखवत होता. शिवी आली ती गिळली आणि तेच पुन्हा सांगितलं. दुसरी गाडी निघायला चाळीस मिनिटं लागणार होती.

इंजिन निवायला पंचवीस मिनिटं गेली. मग पाणी भरलं, एसी बंद केला आणि इंजिनातली उष्णता काढायला यादवनं केबिनचा हीटर फुल लावला. तापलेल्या इंजिनासाठी तोच उपाय असतो. जून महिन्यात, वाळवंटात, हीट स्ट्रोकचा पेशंट मागं ठेवून आम्ही हीटर लावून चाललो होतो. ती गरम हवा मागं येऊ नये म्हणून मधली खिडकी मी पाठ लावून दाबून धरली. सिद्धाराम पुन्हा बोलला नाही. 1450 ला हॉस्पिटल. 1520 ला तो गेला.

इन्स्पेक्शन ठरल्या दिवशी झालं. गाड्यांच्या स्वच्छतेबद्दल शाबासकी मिळाली. सिद्धारामच्या मृत्यूच्या चौकशीत अधिकाऱ्यांनी स्टेट पाहिली, गाडी ऑन रोड होती, एवढंच लिहिलं. गाडी ऑन रोड होती का, असं मला विचारलं तेव्हा मी "येस सर" म्हणालो. पेन्शनला काही महिने राहिले होते. भ्यालो, दुसरं काही नाही.

पेन्शन घेऊन सोलापुरात आलो. मैंदर्गी तासा-दीड तासावर. तीन वर्षं गेलो नाही. गेल्या वर्षी गेलो.

सिद्धारामची बायको महादेवी वहिनी. चहा दिला आणि पेटीतून एक पत्र काढलं. "भावजी, युनिटच्या साहेबांचं पत्र हाय. सगळी सोय केली हुती म्हून लिवलंय. गाडीत एसी हुता म्हनं. व्हय का?"

"हुता, वैनी. फ्यूज मी काढला हुता."

"का?"

मी सगळं सांगितलं. फवारा, चिखल, फ्यूज, सही. ती म्हणाली, "गाडी चकचकीत दिसावी म्हून माझा माणूस गेला व्हय?"

"व्हय."

"आन तुमाला ठाव हुतं."

"ठाव हुतं."

ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तिनं मुलीच्या वहीतलं पान फाडून माझ्यापुढं ठेवलं. "लिवा. पोरगी मोटी झाली की वाचंल. आन मला आत्ता वाचून दावा."

मी लिहिलं. उभं राहून मोठ्यानं वाचलं.

"नायक सिद्धाराम बिराजदार, रिकव्हरी सेक्शन, राहणार मैंदर्गी. ड्युटीवर उष्माघात झाला. त्याला नेणारी गाडी खराब होती आणि ती खराब आहे हे मला माहीत होतं. तरी मी ती ऑन रोड दाखवली. त्याची काहीही चूक नव्हती."

खाली नंबर, रँक, नाव. सही केली. तिनं साहेबांचं पत्र चुलीत घातलं आणि माझा कागद सिद्धारामच्या फोटोमागं ठेवला.