भाड्याचा फोन

माझ्या लेकीनं भाड्याचा फोन घरी आणला तेव्हा आबा ओसरीवर पावटा सोलत बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, कान अजून तिखट, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिनं खोक्यातून फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "केवड्याला पडला?"

"विकत नाही घेतला, आबा. दर महिन्याला भाडं द्यायचं. दोन वर्षांनी परत करायचा."

"परत? कुनाला?"

"कंपनीला."

"मंजी ह्यो तुजा न्हाई."

"नाही. माझा कशाला हवा? दोन वर्षांत जुनाच होतो."

आबांनी फोन उंबऱ्यावर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा जपून, आणि पुन्हा पावट्याकडे वळले. मी शाळेतून नुकतीच आले होते. पायांतून कळा येत होत्या. मला त्या फोनचं ना कौतुक वाटलं, ना राग आला.

लेक लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला आहे. पाहुण्यांची ओळखपत्रं फोनवरच्या ॲपमध्ये घ्यावी लागतात, आणि ते ॲप तिच्या जुन्या फोनवर चालत नव्हतं. नवा फोन विकत घेण्याइतका पगार नव्हता. तिथल्या एका दुकानदारानं लीजची योजना सांगितली. थोडं डिपॉझिट ठेवायचं, महिन्याला भाडं भरायचं. रिसॉर्टमधल्या अकरा जणांनी एकाच आठवड्यात तिथून फोन घेतले.

दुकानदारानं पत्त्याचा पुरावा मागितला होता. तिच्या आधारवर अजून पुण्याच्या हॉस्टेलचा पत्ता होता. तेव्हा एका सकाळी तिनं मला विचारलं, "आई, तुझा तो मतदार नोंदणीचा अर्ज आहे का गं? कार्ड किती दिवसांत येतं?"

हे ऐकून मी भाकरी थापायची थांबले. गावातल्या शाळेत शिकवता शिकवता मतदार यादीचं कामही बारा वर्षं माझ्याच गळ्यात आहे. शाळा सुटली की पिशवीत यादी घेऊन घरोघर जायचं. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठराचं झालं. सगळ्या वाडीतल्या पोरापोरींची नावं मी चढवली होती. माझ्या स्वतःच्या मुलीचं नाव मात्र चार वर्षं राहिलं होतं. "मला कुणालाच मत द्यायचं नाही, मग नाव कशाला?" असं ती म्हणायची. मीही फार आग्रह करत नसे. दिवसभर लोकांना आग्रह करून घरी आल्यावर पुन्हा तेच करायचं त्राण उरत नाही.

अर्ज भरला हे आबांना कळलं तेव्हा त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. स्टेशनजवळच्या हॉटेलातून त्यांनी पावशेर पेढे आणवले. शेजारच्या मावशींना सांगितलं, "आमची नात आता मतदार झाली." तीन दिवसांनी त्यांना खरं कारण समजलं. उरलेले दोन पेढे त्यांनी डब्यात तसेच ठेवले. पेढ्यांना मुंग्या लागल्या.

आबांचं राजकारण म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्यांचं दुःख कळायचं नाही. तरुणपणी त्यांनी भिंतींवर गेरूनं पक्षाचं चिन्ह रंगवलं, सभांना बैलगाडीतून माणसं नेली, एका मोर्चात पोलिसांची लाठी खाल्ली. तो खांदा थंडीत अजून दुखतो. पुढे पक्ष फुटला, चिन्ह बदललं, झेंड्याचा रंगही बदलला. पण तालुक्यातले एक पुढारी त्यांनी धरले ते सोडले नाहीत. पुढारी जिकडे, तिकडे आबा. "मानूस एकदा आपला म्हनला की म्हनला," असं ते म्हणायचे. माझे मिस्टर तळेगावच्या कारखान्यात शिफ्ट करतात. ते या विषयावर बोलतच नाहीत, ताट उचलून आत जातात. आणि मी? मी मत देते. कुणाला देते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मिस्टरांनाही नाही. यादीचं काम करणाऱ्या बाईनं बोलू नये, ही माझी सबब. खरं म्हणजे मला दोन्ही बाजूंची भीती वाटते.

त्या पेढ्यांवरून एकदा दोघांची चांगलीच जुंपली.

"कार्ड काडलंस ते फोनसाटी," आबा म्हणाले. "आमी त्याच्यासाटी मार खाल्ला."

"तुमचा मार मला माहितेय, आबा. पण तुम्ही एक माणूस धरलात आणि पन्नास वर्षं धरूनच बसलात. त्यानं काय केलं, हे विचारलंत कधी? माझा फोन बिघडला तर मी परत करते. तुम्हाला तुमचा पुढारी परत करता येतो का?"

"मत म्हंजे काय फोन हाय व्हय?"

"नाही. फोनवर निदान मुदत लिहिलेली असते."

चार दिवस आबा तिच्याशी बोलले नाहीत. ती सकाळी लवकर जायची, संध्याकाळी उशिरा यायची. त्यामुळे तो अबोला खऱ्या अर्थानं मीच भोगला. तिचा निरोप त्यांना, त्यांचा निरोप तिला.

त्यानंतर आलेल्या निवडणुकीच्या दिवशी मी केंद्रावर यादी घेऊन बसले होते. दुपारी तीनच्या सुमारास पाय मोकळे करायला फाटकाबाहेर आले. लांब, ठरलेल्या अंतरापलीकडे, पक्षांची टेबलं लागली होती. पुढाऱ्यांच्या टेबलाशी आबा बसले होते. पांढरी टोपी, समोर याद्या, नावाच्या चिठ्ठ्या लिहून द्यायचं त्यांचं नेहमीचं काम. लेक रिसॉर्टच्या गणवेशातच आली. आबांनी तिला बघितलं, यादीवर बोट ठेवून नाव शोधलं, हळूहळू चिठ्ठी लिहिली आणि हात पुढे केला.

ती म्हणाली, "माझा यादीतला नंबर आहे फोनवर, आबा." आणि पुढे निघाली.

तिला अर्ध्या तासात परत कामावर जायचं होतं. घाईतच होती ती. पण आबांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मी आत येऊन पुन्हा यादी उघडली. लेक माझ्यासमोरून गेली, बोटाला शाई लावून आली. तिनं कुणाला मत दिलं ते तिनं सांगितलं नाही. या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

दोन वर्षं संपली. फोन परत करायची वेळ आली तेव्हा गोष्ट बिघडली. दुकानात फोनचे फोटो काढून कंपनीच्या ॲपमध्ये टाकायचे, ॲप त्याला दर्जा देतं. अकरापैकी दहा फोनना 'सी' मिळाला. पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आहेत, असं त्यात लिहिलं होतं. डिपॉझिट जवळजवळ सगळं कापलं गेलं. करार इंग्रजीत, चाळीस पानांचा, कुणीच न वाचलेला.

लेक त्या दिवशी आली ती न जेवताच कागद घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारीचा अर्ज माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आई, शुद्धलेखन बघ." दहा जणांची नावं, फोन घेतल्याच्या तारखा, आधी काढून ठेवलेले फोटो. कुठेही आकांडतांडव नाही. मी फक्त दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

आबा ओसरीवरून ऐकत होते. "मी येक फोन लावतो सायबांना," ते म्हणाले. "अर्ध्या तासात काम व्हईल."

"नको, आबा. कुणालाही बोलवायचं नाही. आम्ही दहा जण जाणार, दुकानात बसणार, लेखी उत्तर घेणार."

"दहा पोरांना कोन इचारतंय?"

"बघू ना."

मंगळवारी सकाळी दहाही जण निघाले. आबांनी टोपी घातली आणि मीही येतो म्हणाले. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मी रजा टाकून बरोबर गेले. दुकान लहान होतं. दुकानदार चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्यानं सगळ्यांना पाणी दिलं. "ताई, मी फक्त फोन देतो आणि घेतो," तो लेकीला म्हणाला. "दर्जा ॲप ठरवतं. माझं कमिशनसुद्धा तेच ठरवतं." लेक म्हणाली, "मग तसंच लिहून द्या. तुमच्यावर आमचा राग नाही." तो खरंच लिहायला बसला. लिहिता लिहिता कंपनीला मेलही करत होता. दोन तास झाले. पोरं फरशीवर बसून होती, कुणी आवाज चढवत नव्हतं. मला वाटलं, हे जमतंय. गती कमी आहे, पण जमतंय.

तेवढ्यात बाहेर दोन गाड्या थांबल्या. आबा मधेच चहाला म्हणून गेले होते, तेव्हा त्यांनी फोन लावला होता. पुढारी स्वतः आले, बरोबर सात-आठ माणसं. एकानं काउंटरवर हात आपटला. "गोरगरिबांच्या पोरांना लुटतोस?" दुकानदार उभा राहिला, त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. दहा मिनिटांत त्यानं कंपनीच्या कुणालातरी फोन लावून दिला, पुढारी बोलले, आणि सगळ्यांचं डिपॉझिट मिळेल असं तोंडी कबूल झालं. मग फोटो. पुढारी मधे, पोरं दोन्ही बाजूंना, आबा त्यांच्या खांद्यामागे. लेक बाजूला सरकून दाराशी उभी राहिली. दुकानदारानं लिहायला घेतलेला कागद काउंटरवर अर्धाच राहिला.

घरी येताना आबा खुशीत होते. "झालं का न्हाई काम?"

"झालं," लेक म्हणाली. "पण आमचं नाही झालं. त्यांचं झालं. आणि त्या माणसाची काय चूक होती हो? दोन तास तो आमच्याशी नीट बोलत होता."

"आसं वरडल्याबिगर कुनी ऐकत न्हाई, पोरी. मी पन्नास वर्सं बगतोय."

"म्हणूनच कुणी ऐकत नाही."

रिक्षात आमच्या तिघांत जागा कमी होती आणि रस्त्यावर गर्दी होती. मला नुसते डोळे मिटावेसे वाटत होते.

दहापैकी सहा जणांना डिपॉझिट मिळालं. चौघांचं आलं नाही, त्यात लेकही होती. आबांनी पुढाऱ्यांना फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्यांच्या माणसाला. तो म्हणाला, "आबा, साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप देतो." दर दुपारी जेवण झालं की आबा चष्मा लावून नंबर काढायचे, फोन कानाला धरायचे, मग तो खाली ठेवायचे. आठ-दहा दिवस असं चाललं. त्याच काळात त्या माणसाचा लेकीला मात्र फोन आला. सभा आहे, तुम्ही दहाही जण या, साहेबांनी काम केलंय. सहा जण गेले. लेक गेली नाही, आणि तो फोन आला होता हे तिनं आबांना सांगितलंही नाही. मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "त्यांना बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल." तिच्या मनात एवढा राग असताना तिला हे सुचलं, याचं मला नवल वाटलं.

चौघांनी मग ग्राहक तक्रार ऑनलाइन केली. दुकानदाराकडे लेक पुन्हा गेली, आधी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. त्यानं तो अर्धा कागद पूर्ण करून दिला. चार महिन्यांनी चौघांनाही डिपॉझिटचा अर्धा हिस्सा मिळाला. अर्धाच. ती त्यावरच थांबली. कामावर लागतो म्हणून तिनं दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा लीजवरच फोन घेतला. या वेळी करार तिनं पहिल्या पानापासून वाचला, जिथं अडलं तिथं मला विचारलं. मलाही बरंच कळलं नाही.

आबांना तिनंच सांगितलं, "आले, आबा. अर्धे आले."

"कुनी दिलं?"

"तक्रार केली होती आम्ही."

"बरं झालं," ते म्हणाले. चुकलं असं ते म्हणाले नाहीत, तिनंही ते काढलं नाही.

गेल्या महिन्यात पुढाऱ्यांची माणसं आबांना बैठकीला न्यायला आली. आबा गेले. जायला पाहिजे, म्हणाले. मी शाळेतून येऊन आतल्या खोलीत पाय भिंतीला लावून पडले होते. दुपारचे चार वाजले असतील. तासाभरात ते परत आल्याचा आवाज आला. लेकीला सुट्टी होती, तिनं त्यांना चहा दिला असावा, कपाचा आवाज आला.

"लवकर आलात? काय म्हणाले?"

"त्येच." मग म्हणाले, "मागं बसवलं हुतं. ऐकू बी आलं न्हाई नीट."

"तुम्हाला तर सगळं ऐकू येतं, आबा."

यावर ते हसले, आणि तीही हसली. मी उठून बाहेर जावं असं मला वाटलं, पण अंग उचलेना. मी तशीच पडून राहिले, आणि कधीतरी डोळा लागला.