लाळ आटते तेव्हा

"तुमच्या तोंडात लाळ जवळजवळ तयारच होत नाही," डॉक्टर म्हणाले. "या आजाराला शोग्रेन्स सिंड्रोम म्हणतात."

मी ते नाव कागदावर लिहून मागितलं. तरी मला वाचता येईना. डॉक्टरांनी तीनदा म्हणून दाखवलं आणि मग सोपं करून सांगितलं. आपल्या अंगात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्या वाट चुकतात आणि लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींनाच शत्रू समजून मारायला लागतात.

"कशामुळं होतो?" मी विचारलं.

"नक्की कारण अजून कुणालाच माहीत नाही. बायकांत जास्त दिसतो. चाळिशीच्या पुढेमागे."

"मिश्रीच्या तंबाखूमुळं होतो का?"

"मिश्रीचा काही संबंध नाही," ते म्हणाले.

शेजारी माझे पती आयूब बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिले.

मी नसीम. वय त्रेचाळीस. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरला राहते आणि घरीच शिलाईकाम करते. आयूब फळं विकतात, हंगामात सीताफळं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी आणि माझी गिऱ्हाइकंही मराठी बोलणारी, म्हणून मराठीत लिहिते. माझ्यासारखं तोंड घेऊन कुणी बाई या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत असेल, तर तिनं हे वाचावं.

पहिली खूण सुईदोऱ्यानं दिली. हूक-काजाचं काम हातानं करावं लागतं. दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं, ओलं करायचं आणि ओवायचं, हे मी वयाच्या बाराव्या वर्षापासून करत आले. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बायकांची ब्लाउजांची घाई होती. कौसाबाई दारात उभी राहून म्हणत होती, "भाभी, लई उशीर झालाय. गाडी उद्या निघतीय. आजच द्या की." आणि माझ्या दोऱ्याचं टोक तोंडातून कोरडंच बाहेर येत होतं. मी मशीनजवळ पाण्याची वाटी ठेवली आणि ती गोष्ट विसरून गेले.

मग भाकरी घशात अडकायला लागली. घासाला घोट लागायचा. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असायची. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. मला वाटलं, कापडाची धूळ असेल. बाई पाणी कमी पिते, सगळे म्हणायचे. मीही तेच म्हणायचे.

एकदा भातात खडा लागला म्हणून थुंकले. हातावर बघितलं तर माझ्याच दाताचा तुकडा होता.

वर्षभरात सहा दात असे गेले. दुखायचे कमी, पण हिरडीजवळ तपकिरी होऊन खडूसारखे झिजायचे. मी बीडला एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तोंडात बॅटरी मारली आणि विचारलं, "मिश्री किती वर्षांपासून?"

"कधीच नाही लावली."

"सगळ्या बायका हेच सांगतात," ते म्हणाले. सगळे दात काढून कवळी बसवायचं ठरलं. येत्या गुरुवारी सुरुवात.

घरी सांगितलं. माझ्या सासूबाई, अम्मा, लगेच म्हणाल्या, "आपल्यात कुणी लावत नाही. शिलाईला येणाऱ्या बायकांकडून शिकली असेल." दुसऱ्या दिवशी शिलाईचा डबा उघडला तेव्हा बॉबिन नेहमीच्या खणात नव्हत्या. कुणीतरी डबा उपसून परत भरला होता. मी आयूबना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "खरं सांग. मी रागवणार नाही."

दात दुखायचे त्यापेक्षा हे जास्त दुखलं. वीस वर्षं एकत्र राहून माणूस आपल्या डब्यात मिश्रीची डबी शोधतो. दात काढून घ्यावेत, म्हणजे विषय संपेल, असंच मला वाटायला लागलं.

गुरुवारी मोठे डॉक्टर आले नव्हते. तिथं नुकतीच लागलेली डॉ. ऋतुजा होती, माझ्या भाचीएवढी. इंजेक्शन भरून ठेवलेलं. तिनं छोटा आरसा गालाच्या आत घातला आणि बाहेर काढायला गेली तर तो निघेना. गालाला चिकटला होता. तिनं हलकेच सोडवला, दुसऱ्या बाजूला घातला. तिथंही चिकटला.

"ताई, पाणी पिऊन किती वेळ झाला?"

"आत्ता दारात प्याले."

"भाकरी खाताना पाणी लागतं?"

"घासागणिक."

"डोळ्यांत खुपतं?"

दातांसाठी आलेल्या बाईला डोळ्यांचं विचारलेलं ऐकून मला रडू कोसळलं. हुंदके आले, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं भरून ठेवलेलं इंजेक्शन बाजूला सारलं.

"मी आज दात काढणार नाही," ती म्हणाली. "कवळी तोंडात बसते ती लाळेच्या जोरावर. तुमच्या तोंडात लाळच नसेल, तर ती टिकणार नाही, हिरड्या मात्र सोलून काढेल. आधी लाळ का नाही ते बघू."

तिनं मोठ्या शहरातल्या सरकारी दंत महाविद्यालयाच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

तिथल्या तपासण्यांबद्दल सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. पहिली सायलोमेट्री, म्हणजे लाळ मोजणं. पंधरा मिनिटं मान खाली घालून बसायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही, आणि तोंडात जमेल ती लाळ नळीत सोडायची. समोर अनोळखी माणसं बसलेली. मी ओढणी पुढे ओढून घेतली. पंधरा मिनिटांनी नळीच्या तळाला थोडा फेस होता. नळी न्यायला आलेली नर्स म्हणाली, "एवढंच?" आणि लगेच गप्प झाली.

दुसरी शर्मर टेस्ट. पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवतात आणि ती अश्रूंनी किती ओली होते ते बघतात. टोचल्यासारखं होतं, दुखत नाही. मग रक्त. शेवटी ओठाची बायोप्सी. खालच्या ओठाच्या आत लाळेच्या अगदी बारक्या ग्रंथी असतात. जागा बधिर करून त्यांतल्या चार-पाच काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नंतर आठवडाभर तिखट खाता येत नाही. रिपोर्टची वाट बघत मी वरणभात कालवून खात होते आणि घरात कुणाशी फार बोलत नव्हते.

रिपोर्ट आला त्या दिवसाचं वर सांगितलंच आहे. आजार पूर्ण बरा होत नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

त्याच दिवशी डॉ. निनाद भेटले. तिथं लाळेवर संशोधन करणारे. मी त्यांना विचारलं, थुंकीत असं काय असतं की तिच्यावाचून दात गळावेत?

त्यांनी खुर्ची ओढली. "दात दगडासारखा वाटतो, पण तसा नसतो," ते म्हणाले. "खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं आणि दाताचा वरचा थर थोडासा विरघळतो. लाळ ते आम्ल धुऊन टाकते. शिवाय लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतात, ते त्या जागी परत भरले जातात. रोज झीज, रोज डागडुजी. तुमची झीज चालू आहे, डागडुजी बंद पडलीय."

दोन वर्षांत एवढं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

या आजारात लाळेतली प्रथिनं बदलतात, असं त्यांनी सांगितलं. ते बदल लवकर ओळखता आले, तर कदाचित पुढे ओठ न कापता, नुसत्या लाळेवरून आजार कळेल, ग्रंथी पुरत्या मरायच्या आत. त्यासाठी त्यांना माझ्यासारख्या रुग्णांची लाळ दर तीन महिन्यांनी हवी होती, वर्षभर.

"यात माझा काय फायदा?" मी विचारलं.

"तुमचा फायदा होईलच असं मी सांगू शकत नाही. झाला तर पुढच्या कुणाचा होईल."

"मग एवढ्या लांब कशाला यायचं?" आयूब म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. एक खेप म्हणजे त्यांच्या गाड्याचा एक दिवस बुडतो.

मी मात्र मागंपुढं बघितलं नाही. संमतीपत्र मराठीत होतं, ते पूर्ण वाचून सही केली. मग डॉक्टर एकेक प्रश्न विचारून माहिती भरायला लागले. वय, मुलं, मधुमेह. "तंबाखू, मिश्री?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी "नाही" लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

एवढंच झालं. पण त्यानंतरचे दोन प्रश्न मला ऐकूच आले नाहीत. डॉक्टरांना ते परत विचारावे लागले.

आम्ही बसनं परत निघालो. गावाजवळचं मांजरसुंबा आल्यावर आयूब म्हणाले, "तो डबा मी बघितला होता." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "पुढच्या वेळी पण मी येतो संगं." आणि ते चारही वेळा आले.

उपचारांचं सांगते. चार दात काढावे लागले. बाकीचे ऋतुजानं भरून, जास्त फ्लोराइडची पेस्ट देऊन वाचवले. पिलोकार्पिन नावाच्या गोळ्या आहेत. उरलेल्या ग्रंथींकडून त्या थोडं काम करून घेतात, पण मला घामही फार येतो. घोट घोट पाणी जवळ लागतं. गोड गोळ्या चघळायच्या नाहीत, लाळ नसलेल्या तोंडात साखर फार नुकसान करते. डोळ्यांसाठी थेंब. तुमचं तोंड सतत कोरडं असेल, तर मधुमेह तपासा, चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, आणि सगळे दात काढायला कुणी सांगितलं तर आधी विचारा की लाळ किती आहे.

चौथ्या खेपेलाही माझ्या नळीत फार फरक नव्हता. निनाद डॉक्टरांनी लपवलं नाही. काम अजून चालू आहे, निष्कर्षाला वेळ लागेल, म्हणाले. माझी लाळ तिथं बर्फासारख्या थंडीत ठेवलीय. तिच्यावर माझं नाव नाही, नुसता नंबर आहे. मला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी वाटलं असतं.

मग यंदाचा रमजान आला. दिवसभर पाण्यावाचून राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशिदीतल्या मौलानांना आयूबनी विचारलं. ते म्हणाले, कायमचं आजारपण असेल तर सूट आहे, रोज एका गरजूला जेवण द्या. तसं सुरू केलं. पण घरात सगळ्यांचे रोजे आणि आपण पेला तोंडाला लावायचा, हे मला जमेना. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत तशीच बसले. ईदचे कपडे शिवत होते. जीभ उचलत नव्हती.

अम्मा आत आल्या. हातात तांब्या आणि पेला. त्यांचा स्वतःचा रोजा होता. त्यांनी पेला भरून मशीनच्या फळीवर ठेवला.

"पी ले," त्या म्हणाल्या. "कोई आया तो मैं देखती."

दाराचा पडदा ओढून त्या उंबऱ्यावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून. मी पाणी प्याले. एका दमात नाही, डॉक्टरांनी सांगितलं तसं, घोट घोट, तोंडात फिरवून. त्यांना ते ऐकू येत असणार.

पेला ठेवल्याचा आवाज झाला तशा त्या मान न वळवता म्हणाल्या, "और देऊं क्या?"

"अर्धा," मी म्हटलं.