तांबडीचा श्रावण

नॉटिंगहॅमच्या आमच्या घरामागे तीन कोंबड्या होत्या. पांढरी आणि करडी आम्ही हौसेनं विकत आणलेल्या. तांबडी मात्र मोठ्या पोल्ट्रीतून रिटायर झालेली. दीडेक वर्ष अंडी देऊन झाली की तिथं अशा कोंबड्यांचा उपयोग संपतो, आणि मग काही भली माणसं त्या आमच्यासारख्यांच्या घरी पोचवतात. आली तेव्हा तिच्या मानेवर पीस नव्हतं. गवतावर ठेवली तर पाऊल कसं टाकायचं हेही तिला कळेना. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाल्या, “हिला पेन्शन तरी लावलं का त्यांनी?”

पुण्याहून आल्यापासून त्या पहिल्यांदाच एवढं बोलल्या होत्या. सासरे जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. नवऱ्यानं आईला व्हिजिटर व्हिसावर आणलं, सहा महिने इथं राहील, हवापालट होईल म्हणून. हवा पालटली, बाकी काही पालटलं नाही. चहा घेणार का विचारलं तर “चालेल”, फिरायला यायचं का विचारलं तर “नको”. यापलीकडे घरात त्यांचा आवाज नव्हता. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

तांबडीनं ती शांतता मोडली. सासूबाई मागे खुर्ची टाकून बसल्या की ती त्यांच्या पायाशी येऊन बसायची, आणि त्या तिच्याशी बोलायच्या. सोसायटीच्या बंद पडलेल्या लिफ्टबद्दल, भिशीतल्या बायकांबद्दल, सासऱ्यांना भाजीत खोबरं कमी पडलेलं कसं लगेच कळायचं त्याबद्दल. मी किचनच्या खिडकीतून ऐकायची. खोटं कशाला बोलू, हेवा वाटायचा. आमच्याशी शब्द मोजून आणि कोंबडीशी गप्पा! पण हळूहळू त्यातलं थोडं थोडं जेवणाच्या टेबलापर्यंत यायला लागलं. एकदा त्या लेकावर हसल्यासुद्धा. किचनमधलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं इथं कायद्यानं बंद आहे, असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं. तरी ओढणीआडून भाताचा घास बाहेर जायचाच, आणि मी दुसरीकडे बघायची.

मग श्रावण लागला. लग्नानंतर इथं आल्यापासून मी श्रावण पाळला नव्हता. यंदा सासूबाई होत्या म्हणून पाळायचं ठरवलं. मटण-मासे बंद, अंडी बंद. अंड्यांना हातसुद्धा लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या आपणहून काही सांगताहेत याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणाले. कोंबड्यांना श्रावण कोण सांगणार? म्हणून शेजारच्या इंग्लिश बाईंना विचारलं, महिनाभर अंडी तुम्ही न्याल का? त्या रोज सकाळी बाजूच्या फाटकातून यायच्या, खुराड्याच्या मागचं झाकण उचलून अंडी काढायच्या आणि जायच्या. आम्ही दाणापाणी करायचो, खुराडं झाडायचो. अंड्यांच्या पेटीत मात्र महिनाभर आमच्यापैकी कुणी डोकावलं नाही.

मधे तांबडी बाहेर येईना, पेटीतच बसून राहायला लागली. सासूबाईंचं लहानपण गावाकडचं, दारात कोंबड्या असायच्या. त्या म्हणाल्या, “खुडूक बसली असेल. बसू दे, उठेल आपोआप.” खुडूक म्हणजे उबवायला बसलेली. मला बरंच वाटलं. ज्या पोल्ट्रीच्या कोंबड्यांतून उबवणं जवळजवळ पुसून टाकलेलं असतं त्यातली ही एक, हे मी वाचलेलं होतं. पण सासूबाईंचं काहीतरी बरोबर येतंय, त्या ठामपणे बोलताहेत, तर कशाला खोडायचं?

श्रावण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तांबडी खुराड्याबाहेर उभी दिसली. शेपूट खाली, अंग सरळ वर, पेंग्विनसारखी. तुरा फिकट पडलेला. मी उचलली तर छातीचं हाड हाताला टोचलं आणि पोट मात्र फुग्यासारखं लागलं. शेजारच्या बाईंना कुंपणावरून विचारलं, हिनं शेवटचं अंडं कधी दिलं? त्या ओशाळल्या. तपकिरी अंडी, म्हणजे तांबडीची, तीन आठवड्यांपासून नव्हतीच, म्हणाल्या. ती तुम्ही घरात ठेवून घेत असाल असं वाटलं. त्याआधी दोनदा कवच नसलेली, नुसती पातळ पिशवीसारखी अंडी मिळाली, ती टाकून दिली. उगीच तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही.

अंडं अडलं असेल, अजून निघेल, अशी आशा होती. भांडी घासायच्या टबात कोमट पाणी घेतलं, त्यात एप्सम सॉल्ट टाकलं आणि तिला पोटापर्यंत बसवलं. सासूबाईंनी बाही वर सारून तिला धरलं. ती धडपडली नाही, डोळे मिटून घेतले. नंतर त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी बांधली. बाळंतिणीला देतात तसा शेक. मी म्हटलं, कोंबडीला ओव्याचा शेक कुणी देत नाही हो आई. त्या म्हणाल्या, “तिला काय माहीत कुणाकुणाला देतात ते.” दुपारपर्यंत त्या लाँड्रीच्या खोलीत जमिनीवर बसून होत्या. अधूनमधून चमच्यानं चोचीशी पाणी धरत होत्या.

अंडं आलं नाही. मी पुन्हा तिच्या पोटाखाली हात घातला आणि एका बाजूनं हलकेच टिचकी मारली. दुसऱ्या बाजूच्या तळव्याला लाट लागली. मी सोनोग्राफी करते. लोकांच्या पोटात कुठं पाणी साठलंय ते सांगण्याचा मला पगार मिळतो. आणि माझ्याच दारात तीन आठवडे एका पोटात पाणी भरत होतं. या दुखण्यात अंड्यातलं पिवळं बाहेर यायच्या ऐवजी आत पोटात सांडतं आणि तिथं सडतं. तपकिरी अंडी थांबली त्या दिवशी कळलं असतं तर निदान औषध देऊन पाहता आलं असतं.

राग स्वतःचा आला होता, काढला भलतीकडे. मी म्हणाले, “तुमच्या श्रावणापायी गेली ही.”

सासूबाईंनी वर पाहिलं, मग पुरचुंडी बाजूला ठेवली. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. कोंबडीशीसुद्धा नाही. चार महिन्यांत जे जमलं होतं ते मी एका वाक्यात घालवलं, हे मला तिथंच कळलं. नवऱ्यानं फोन काढून व्हेटचे नंबर शोधायला घेतले.

कोंबड्या बघणारी व्हेट अर्ध्या तासावर होती, तिची त्या दिवसाची शेवटची वेळ मिळाली. गाडीत सासूबाई मागे, मांडीवर टॉवेलातली तांबडी. व्हेट तरुण मुलगी होती. तिनं सुईनं थोडं पाणी काढून दाखवलं, पिवळं आणि गढूळ. मग नीट समजावलं. पोटातलं सगळं काढता येईल, अँटिबायोटिक देता येईल. चार-सहा दिवस जास्त मिळतील, कदाचित आठवडा. पण पाणी परत भरेल आणि ते दिवस तिला सुखाचे जाणार नाहीत. नाहीतर आत्ताच इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवता येईल.

नवरा लगेच म्हणाला, “पाणी काढूया ना. जे होईल ते सगळं करूया.” मीही मान हलवायच्या बेतात होते. व्हेट मात्र आमच्याकडे बघत नव्हती. कोंबडी ज्यांच्या मांडीवर होती त्यांच्यासमोर ती गुडघ्यावर बसली आणि मला म्हणाली, यांना विचाराल का, यांना काय वाटतं?

मी मराठीत सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

“मला विचारतेय ती?”

“हो आई. तुम्हालाच.”

त्यांनी तांबडीच्या मानेवर नव्यानं आलेल्या पिसांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “यांच्या वेळी मी आयसीयूबाहेर बाकावर बसून होते, अकरा दिवस. डॉक्टर तुम्हा दोघांशी फोनवर बोलायचे, आणि नळ्या तशाच राहायच्या. यांचे हात बांधून ठेवले होते रे, नळ्या ओढतील म्हणून. मी रोज ठरवायची, आज विचारलं तर सांगेन, पुरे करा. कुणी विचारलंच नाही.”

नवरा भिंतीकडे वळला.

“सांग तिला, आता त्रास नको म्हणावं. मी धरून बसते.”

मी इंग्लिशमध्ये सांगितलं. व्हेटनं इंजेक्शन भरलं. सासूबाईंनी तांबडीला छातीशी घेतलं आणि तिच्याशी बोलायला लागल्या, मागच्या अंगणात बोलायच्या तशाच, साध्या आवाजात. भीती नाही, झालं हं, झालंच आता. त्यांचं बोलणं थांबायच्या आधी ती गेली होती.

मी शेजारी उभी होते. सासऱ्यांचे रिपोर्ट आणि स्कॅन नवऱ्यानं मला तेव्हा फोनवर पाठवले होते. करण्यासारखं काही उरलेलं नाही हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. पुढचे नऊ दिवस मी डॉक्टरांना सांगत राहिले, अजून थोडं बघूया.