चाळीस मैल आणि एक खलबत्ता

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायहून ॲन आर्बरला मोटारीने अर्धा तास लागतो. मला अकरा तास लागले. (मधे माझी एक झोप झाली, ती धरून.)

याच्या मुळाशी इंग्लंड आहे. आमची लेक ईरा यंदा कॉलेजातून बाहेर पडली. जुलैत ती नोकरीसाठी सिॲटलला जाणार, आणि त्याआधी जूनमध्ये एका मैत्रिणीबरोबर सात दिवस इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून सायकलने फिरणार, असं ठरलं होतं. टूरवाल्यांच्या माहितीपत्रात हिरव्यागार टेकड्या, दगडी कुंपणं आणि मेंढ्या होत्या. शिवाय दर दहा मैलांवर चहा आणि केक. ऐन वेळी मैत्रिणीने माघार घेतली.

"मग मी येते की," मी म्हणाले.

माझा नवरा नंदन डिशवॉशरमध्ये ताट लावता लावता तसाच थांबला. मी शेवटची सायकल चालवली ती नागपूरला, कॉलेजात जाताना, आणि नागपूर सपाट आहे. त्यानंतर मी मोटारींच्या सीट्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाले. म्हणजे बसणं हा माझा व्यवसाय आहे.

"आई, इट्स फॉर्टी माइल्स अ डे," ईरा म्हणाली. "विथ हिल्स. आणि बॅग्ज आपणच कॅरी करायच्या."

"मग?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अट घातली. मैत्रिणीची जागा टूरवाल्यांनी शनिवारपर्यंत धरून ठेवली होती. इंग्लंडमध्ये मध्यरात्र झाली की ती जाणार, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातला. त्याच शनिवारी मी सामान लादून, टेकड्यांच्या आडरस्त्याने ॲन आर्बरपर्यंत चाळीस मैल पुरे केले, तर ती माझं नाव घालणार. नाही तर ती एकटी जाणार. मी "डन" म्हणाले. मला इंग्लंडचं एवढं काही नव्हतं. मला ते सात दिवस हवे होते. सिॲटलला गेलेली मुलं रविवारी पाच मिनिटं फोन करतात, हे मी मैत्रिणींच्या घरी बघितलेलं आहे.

यानंतर मी एकच चूक केली. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "शनिवारी लेकीबरोबर सायकलने ॲन आर्बर! इंग्लंड टूरची प्रॅक्टिस!!" खाली दंड फुगवलेलं चित्र.

पाच मिनिटांत उत्तरं आली. साऊथ लायनची लीना म्हणाली, आमच्या घरावरूनच जाणार तुम्ही, चहाला थांबा. पुढे तळ्याकाठी राहणाऱ्या बापटकाकू म्हणाल्या, जेवायला याच. मला तर हे फारच सोयीचं वाटलं. इंग्लंडमध्ये दर दहा मैलांवर चहा मिळतो, इथे आपली माणसं आहेत! मी दोघींना हो म्हणून टाकलं आणि ईराला शनिवारी सकाळी सांगितलं.

"आई, धिस इज अ राइड. नॉट अ हळदीकुंकू," ती म्हणाली.

साडेसातला निघालो. नऊ मैलांवर लीनाचं घर. तोवर मी इतकी झकास चालले होते की ईरा दोनदा "नाइस, आई" म्हणाली. लीनाने दारातच साबुदाण्याची खिचडी हातात दिली.

"नो थँक यू, मावशी, वी आर गुड," ईरा म्हणाली.

"लाजते गं ही," असं म्हणून लीनाने तिच्या वाटीत दुप्पट घातली.

बिचारीला बावीस वर्षांत हे कळलेलं नाही, की आपल्यात पहिलं 'नको' हे नुसतं दार वाजवणं असतं. दुसऱ्या 'नको'वर आग्रह सुरू होतो, आणि तिसऱ्यावर माणूस जेवायला बसतो. निघता निघता लीनाने थालीपिठाच्या भाजणीची दोन किलोंची पिशवी आणली. तिची बहीण इंग्लंडला, लीड्सला असते.

"अगं, अजून बुकिंग नाही झालं. आणि आम्ही जूनमध्ये जाणार," मी म्हणाले.

"म्हणूनच आत्ता देते. मग राहून जातं."

मला यात खोट काढता येईना. भाजणी डावीकडच्या पिशवीत गेली. ईरा रस्त्याकडे बघत हेल्मेटचा पट्टा घट्ट करत राहिली.

बापटांकडे सव्वाबाराला पोचलो. एकवीस मैल झाले होते, म्हणजे आमचं गणित अजून जमत होतं. मग काकूंनी पुरणपोळ्या वाढल्या. मी दोन खाल्ल्या. तिसरी काकांनी मला बोलण्यात गुंतवून वाढली. चौथी कोणी वाढली ते मला माहीत नाही, पण ताटात होती आणि टाकायची कशी?

"आता अर्धा तास लवंडा जरा. एवढ्या उन्हात कुठे निघता?" काका म्हणाले.

मी फक्त सोफ्याची उंची कशी आहे ते पाहायला टेकले. (व्यवसायच तो.) डोळे उघडले तेव्हा तीन वाजले होते आणि ईरा समोरच्या खुर्चीत हेल्मेट घालून बसली होती.

"उठवलं का नाहीस?"

"फोर टाइम्स उठवलं."

मी धावतपळत बूट घालत होते, तेवढ्यात काकूंनी खलबत्ता आणला. लोखंडी. त्यांची भाची तिकडेच ब्रिस्टलला असते, तिला तिथे धड मिळत नाही. मी म्हणाले, "काकू, जरा जड होईल हो." हे माझं पहिलं 'नको'.

"छे गं, चाकांवर तर जाणार," काकू म्हणाल्या.

"एका बाजूला खलबत्ता, दुसऱ्या बाजूला भाजणी आणि हे लोणचं. बॅलन्स राहील," काका म्हणाले. मी इंजिनिअर असूनही मान डोलावली.

सव्वातीनला निघालो. पुढचा रस्ता मातीचा आणि टेकड्यांचा होता, थेट माहितीपत्रातल्यासारखा. पाच टेकड्या मी कशाबशा चढले. सहाव्या टेकडीच्या मध्यावर सायकल थांबली. पुढे जाईना, मागे जाईना. मग खलबत्त्याच्या बाजूला, अगदी सावकाश, विचार करून पडावं तशी मी गवतात पडले. भाजणीची पिशवी फुटली आणि मी केसांपासून बुटांपर्यंत थालीपीठ झाले.

शेजारच्या शेतातून सात-आठ रानटी टर्की कोंबड्या चालत आल्या आणि रस्त्यावरची भाजणी टिपायला लागल्या. एक पिकअप थांबला. आतल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, टर्कींकडे पाहिलं आणि विचारलं, "यू ओके?" ईरा म्हणाली, "शी इज ट्रेनिंग." त्यावर त्याने काच वर केली आणि तो निघून गेला.

चार वाजले होते आणि अजून तेरा मैल बाकी होते. मला रडू आलं. पडल्याचं नव्हे, मला लागलं काहीच नव्हतं. पण सात दिवस माझ्या हातातून चालले होते आणि ते मी स्वतःच पुरणपोळ्यांवर घालवले होते.

"आई, तुला 'नो' का म्हणता येत नाही?" ईरा शेजारी गवतात बसली.

"तू मला शनिवारचं विचारलंस तेव्हासुद्धा नाही म्हणता आलं नाही. जमणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं. पण तू सिॲटलला जाशील, मग कुठली तू आणि कुठली मी. मला यायचंय गं तुझ्याबरोबर."

तिने माझ्या केसांतली भाजणी झटकली. मग उठली, माझ्या पिशवीतून खलबत्ता काढला आणि स्वतःच्या पिशवीत घातला. लोणचंही घेतलं.

"काकूंना परत देऊ या का?" मी विचारलं.

"शी'ल फील बॅड," ईरा म्हणाली.

म्हणजे हे रक्तातच आहे तर.

त्यानंतर मी पिसासारखी निघाले. दोन टेकड्या ओलांडून मागे पाहिलं, तर लेक खाली होती, लालबुंद, खलबत्त्यासकट. "आई, वेट!" तिने हाक मारली. ती चालायला लागल्यापासून हे वाक्य नेहमी मी म्हणत आले आहे. मी थांबले. जरा ऐटीतच थांबले, खोटं कशाला बोलू.

पस्तिसाव्या मैलाला फोन वाजला. ॲन आर्बरच्या सुषमाला आमची बातमी लागली होती. "बटाटेवडे तळायला घेतलेत, या गं दोघी." साडेपाच वाजले होते. ईरा माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी चढलेल्या सगळ्या टेकड्यांहून हा चढ मोठा होता.

"सुषमा, नाही जमणार गं," मी म्हणाले, आणि पुढे कारण न देता फोन ठेवला.

दहाच मिनिटांत समोरून एक मोटार आली, वळून आमच्या जोडीला हळूहळू चालू लागली आणि खिडकीतून डबा धरलेला सुषमाचा हात बाहेर आला.

"थांबू नका, नुसता घ्या!"

ईराने चालत्या सायकलवरून डबा पकडला. नंतर म्हणाली, "धिस लेडी इज अ प्रो."

साडेसहाला नदीकाठच्या पार्किंगमध्ये पोचलो. नंदन गाडीला टेकून उभा होता. माझ्या सायकलचा मीटर एकोणचाळीस पूर्णांक सहा दाखवत होता. मी त्याच्या गाडीभोवती गोल गोल फिरत राहिले आणि तो माझ्याबरोबर जागच्या जागी गोल फिरत "शाब्बास, अनघा" म्हणत राहिला. शेवटी चाळीस झाले.

पावणेसातला ईरा बाकावर बसून फोनवर टूरचा फॉर्म भरत होती. मी तिच्या खांद्यावरून वाचत वडा खात होते. अनुभव या रकान्यात तिने 'नवशिकी' लिहिलं. मी निषेध केला, पण तिने बदललं नाही. मग प्रश्न आला, अडचणीत कोणाला कळवायचं? शाळेपासून तिच्या प्रत्येक फॉर्मवर या जागी मी माझं नाव लिहीत आले. तिने स्वतःचं लिहिलं. नातं, मुलगी. मी हातातला वडा डब्यात परत ठेवला.

शेवटचा रकाना होता, या प्रवाशाबद्दल काही विशेष सूचना? ईराने जरा विचार केला आणि इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी असं, "हिला वाटेत कोणीही चहाला बोलावलं, तरी कृपया सोडू नये."

मी ते दोनदा वाचलं आणि खाली मुकाट्याने सही केली.