ठिपक्यांनी लिहिणारी अंबिका

"बाई, त्या पोरीला सोमवारपासून पहिलीत बसवा," एच. एम. सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारातूनच म्हणाले. "तालुक्याचे साहेब लेखन-वाचन बघायला यायलेत. दुसरीच्या वर्गात ही कोरी पाटी घेऊन बसली तर मी काय सांगू त्यांना?"

"पाटी कोरी नाही, सर. एक शब्द आहे."

"बाकीच्यांचे सगळे झालेत!"

हे खरं होतं.

कर्नाटकात, बसवकल्याण तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पहिलीत अंबिकाचा सख्खा धाकटा भाऊ होता. थोरल्या बहिणीला धाकट्याच्या शेजारी बसवलं, की ती आधी हात वर करायचं थांबवते आणि मग शाळेत यायचं. मी हे आधी पाहिलेलं आहे. सरांकडून मी साहेब येईपर्यंतची मुदत मागून घेतली.

"तोवर झालं न्हाई, तर त्या दिवशी तिला घरीच राहू द्या," सर म्हणाले.

अडचण कुठे होती ते सांगते. श्रुतलेखन म्हणजे आम्ही शब्द उच्चारायचा आणि मुलांनी तो ऐकून लिहायचा. मूल त्यात अडलं, तर बहुतेक वेळा त्याला अक्षर आठवत नसतं, किंवा काना-मात्रा कुठे द्यायची ते कळत नसतं. अंबिकाचं तसं नव्हतं. ती धडाधडा वाचायची. तोंडी विचारलं तर शब्दातलं प्रत्येक अक्षर बरोबर सांगायची. पण पेन्सिल हातात आली की ती उभी धरायची आणि पाटीवर टोचायला लागायची. टक, टक, टक. एकेक अक्षर ठिपक्यांचं. ठिपके इतके सारखे, की छापल्यासारखे वाटावेत. एक शब्द पुरा होईपर्यंत बाकीचा वर्ग पाट्या दाखवायला रांगेत उभा असायचा.

मी आधी रागावून पाहिलं. "अगं, रेघ ओढ की! कामून टोचायलीस?" ती खाली बघायची आणि टोचत राहायची.

मग मी तिला सरावाची पुस्तिका दिली. त्यात अक्षरं तुटक ठिपक्यांनी छापलेली असतात आणि मुलांनी त्यावरून पेन्सिल फिरवायची असते. सगळी मुलं ठिपके जोडतात. अंबिकाने दोन ठिपक्यांच्या मध्ये आणखी ठिपके भरले.

"बाई, अंबी मुंग्या काढायलीय!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना बाहेर उभं केलं, पण 'मुंगी' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

जाड खडू दिला तर ती टोचूनच त्याचे तुकडे करायची.

याच सुमारास माझ्या भाचीचं लग्न निघालं. मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसवकल्याणच्या बाजारात स्टीलची कळशी घ्यायला गेले. आमच्याकडे आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय कुणी देत नाही. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा माणूस बसला होता. शेजारी भांड्यांची चळत, हातात छोटं मशीन. मी नाव सांगितलं तसं त्यानं मान वर केली.

"बाई, तुम्ही आमच्या अंबीच्या बाई न्हवं?"

हे नागनाथअण्णा, अंबिकाचे वडील. कामाला बसवकल्याणला जातात, एवढंच मला माहीत होतं.

त्यांनी काळ्या पेनानं कळशीवर माझं नाव झरझर लिहिलं. मग मशीन चालू करून त्या अक्षरांवरून नेलं. टर्रर्र. स्टीलवर बारीक ठिपके उमटत गेले. शेवटी त्यांनी वरून फडकं मारलं. शाई गेली, ठिपके राहिले.

मी कळशीकडे बघतच राहिले. ही अक्षरं मी रोज पाटीवर बघत होते.

"अंबिका बघते का हे सगळं?"

"सुट्टीला येतीय की. माझ्यापाशीच बसून ऱ्हातीय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, पोरगी शिकायलीय न्हवं? सर कायतरी म्हणलेत, असं कानावर आलंय."

"शिकतेय. पण पाटीवर तुमच्यासारखी नावं घालतेय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

ते आधी मोठ्यानं हसले. मग मशीन खाली ठेवून म्हणाले, "आता तिला दुकानात आणू न्हाई व्हय?"

"आणा की. एकदम बंद केलंत तर तिला वाटेल, आपलं काहीतरी चुकलं."

सोमवारी मी अंबिकाला जवळ बोलावलं. "तुझे अप्पा कळशीवर आधी काय करतात?"

"पेनानं लिवतात."

"मग?"

"मग टोचतात."

"मग तू नुसतं लिही. टोचायचं काम अप्पांचं."

तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "नुसतं लिवल्यालं पुसतंय की, बाई. फडकं मारलं की जातंय. टोचल्यालं ऱ्हातंय."

मी वर्गाकडे पाहिलं. प्रत्येक पाटीशेजारी ओलं फडकं होतं. माझ्या टेबलावर डस्टर होता. दर तासाला मी स्वतःच म्हणते, "पुसा पाट्या." तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती.

आमच्या वर्गात भिंतीवर खालच्या बाजूला मुलांसाठी काळा पट्टा रंगवलेला आहे. प्रत्येकाला एक चौकोन. अंबिकाच्या चौकोनापाशी मी वर्गाला सांगितलं, "हा कुणी पुसायचा नाही. मीसुद्धा नाही." तिला म्हणाले, "इथं नुसतं लिही. राहतंय का बघ."

पहिल्या दिवशी तिनं ठिपकेच दिले. दुसऱ्या दिवशी नावातलं पहिलं अक्षर रेघ ओढून काढलं. त्यानंतर सकाळी ती दप्तर ठेवायच्या आधी भिंतीपाशी जायची. अक्षर जागेवर असायचं. मग त्याच्या शेजारी आणखी एक यायचं. रेघांची अक्षरं वेडीवाकडी होती. ठिपक्यांची फार देखणी होती. पण देखणेपणासाठी थांबायला मला वेळ नव्हता. चौकोन भरत आला तशी ती पाटीवरही रेघ ओढू लागली. वेग मात्र बेताचाच होता.

साहेब आले त्या सकाळी सरांनी वर्गात डोकावून मला खुणेनं विचारलं, ही इथं कशी?

"हजेरी पूर्ण आहे, सर," मी मोठ्यानं म्हणाले.

साहेब मूळचे कन्नडभाषक. मराठी शब्द ते सावकाश, जपून उच्चारत होते. ते आमच्या पथ्यावर पडलं. अंबिका लिहीत गेली. एका शब्दावर तिची पेन्सिल उभी झाली, दोनदा टक टक वाजली, आणि पुन्हा आडवी झाली. शेवटचा शब्द अर्धाच राहिला. साहेबांनी तिची पाटी पाहिली आणि काही न बोलता ते पुढच्या मुलाकडे गेले. आमच्या खात्यात न बोलता पुढे जाणं म्हणजे पास.

"बसू द्या दुसरीतच," संध्याकाळी सर म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रंगारी भिंतीच्या पट्ट्याला काळा रंग द्यायला आला. मी अंबिकाला बाहेर खेळायला पाठवत होते. ती गेली नाही. ब्रश तिच्या चौकोनापाशी आला तसा मी रंगाऱ्याला म्हटलं, "तेवढा शेवटी घ्या."

"घेऊ द्या की, बाई," अंबिका म्हणाली. "मी परत लिवीन की."

आता नवीन मूल वर्गात आलं, की अक्षर बघायच्या आधी मी त्याच्या घरी काय काम चालतं ते विचारते. सर म्हणतात, ही चौकशी लेखनाच्या तासात बसत नाही. बसते.