गाडीपाशी थांबणारा माणूस

सहलीची बस चालवण्यात उभा जन्म घालवलेल्या आजोबांना घाटातलं वळण न् वळण पाठ होतं. त्यामुळे रविवारी धबधबा आणि त्याच्या पुढची दगडी कमान बघायला जायचं ठरलं, तेव्हा बेत आखायला सगळे त्यांच्याच खाटेभोवती जमले.

"चढ फार नाही ना, बाबा?" सुनेने विचारलं.

"छे! लेकुरवाळ्या बायका हसतखेळत जाऊन येतात. फक्त लवकर निघा. उशीर झाला की गाडी उन्हात लावावी लागते. आणि चपला नकोत, दगड निसरडे असतात."

"कमान खरंच कुणी बांधली नाही?" नातीने डोळे मोठे केले.

"कोण बांधणार? पाण्याने डोंगर कोरला. देवाची करणी, बाळा."

"बाबांना काय, शंभरदा बघून झालीय," सून हसली.

आजोबांनी खाटेवरची चादर सारखी केली. आजी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "एकदाही नाही बघितली."

खरंच होतं ते. उतारूंचं सामान आत, तेव्हा गाडी सोडून हलायचं नाही, हा त्यांचा नेम. लोक वर जायचे, हे काचा पुसत बसायचे. ओलेचिंब होऊन परतलेल्यांच्या गप्पा आरशात बघत ऐकायच्या, तेवढीच त्यांची सहल. कमान एकदा तरी बघावी, असं मनात फार होतं. पण बोलून दाखवायचं कुणाला?

"यंदा चला मग," सून म्हणाली.

"तुम्ही या जाऊन. गाडीपाशी कुणीतरी हवंच."

"आपल्या गाडीत आहे काय राखण्यासारखं? एक मोडकी छत्री!"

"सवय आहे माझी. राहू दे."

आजीने हातातला टॉवेल बाजूला ठेवला. "मग आपण बसने जाऊ. तिकीट काढून."

"घरची गाडी असताना? लोक हसतील!"

"हसू देत. त्या बसला तिचा ड्रायव्हर असेल, तो थांबेल. देवाने पाय दिले ते काय नुसते ब्रेक दाबायला? अहो, सगळ्या जगाला फिरवून आणलंत. माझ्याबरोबर पायी कुठवर गेलात, सांगा बघू?"

नात फिस्सकन हसली. सुनेने तिला डोळ्यांनी दटावलं, पण तिचेही ओठ हलत होतेच.

आजोबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. आपल्या पावलांकडे एकदा बघितलं. मग, इतका वेळ सगळ्यांना वाट सांगणारा तो माणूस हळूच म्हणाला, "त्या पाऊलवाटेला धरायला कठडा आहे का गं?"

"मला काय माहीत?" आजी म्हणाली. "नसला तर माझा हात धरा."