पार्लरवालीच्या हातात आलेली वेणी

आमच्या शेजारच्या दोरावहिनीची वेणी परवा भर दुपारी पार्लरवालीच्या हातात आली. हातात आली म्हणजे खरोखरच हातात आली. वेणी इकडे, वहिनी तिकडे. मी साखर मागायचं निमित्त करून दारात उभी होते. माझी वाटी खाली पडली, गडगडत कपाटाखाली गेली, आणि अजून तिथेच आहे. मागायला जायची छाती होत नाही.

दोरावहिनी हे नाव मीच ठेवलेलं. भरतकामाच्या दोऱ्यांपासून ती केसांत लावायच्या रंगीत लटा करते. पूर्वी पोरींच्या केसांवरच दोरा गुंडाळून द्यायची. दिसायचं झकास, पण काढायचं म्हटलं की कात्री. तिच्याच भाचीला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, तिथे असलं रंगीत काही चालणार नव्हतं. दोरा कापताना पुढची अख्खी बट गेली. भाची रडली ती रडलीच, वहिनीही त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून तिने केसांना दोरा गुंडाळणं बंद केलं. आता दोऱ्यावरच दोरा. खिडकीच्या गजाला एक टोक बांधायचं, मधले दोरे ताठ धरायचे आणि वरून वेढे असे चिकटून घालायचे की आतला रंग चुकूनही डोकावत नाही. रंग बदलायचा झाला की वरचा दोरा आत जातो, आतला बाहेर येतो. टोकाला मणी, आणि डोक्याशी दाबली की टक्‌ करून उघडणारी पिन. लावा, मिरवा, काढा, डबीत टाका.

घरात जिकडे तिकडे दोरे. सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे पाणी जरी प्यायलं तरी शेवटच्या घोटात दोरा निघतो." पण सुनेच्या वेणीचा विषय निघाला की याच सासूबाई खुलायच्या. वेणी होतीच तशी. कमरेखाली रुळणारी, चांगली मनगटाएवढी. "चेहऱ्याचं सोडा, मी वेणी बघून हिला सून केली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. आणि वहिनीचं दुकान म्हणजे तीच वेणी. नवी लट झाली की वेणीत अडकवून गल्लीत एक चक्कर. परत येईपर्यंत मागे पोरी लागलेल्याच.

चौकातल्या पार्लरमध्ये मध्यंतरी एक खुर्ची रिकामी झाली. रस्त्याकडच्या काचेजवळची. वहिनीला ती हवी होती. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यावर बसून काम करायचा तिला वीट आला होता. जाता-येता काचेतून त्या खुर्चीकडे अशी बघायची, जशी मी दुसऱ्याच्या उघड्या खिडकीकडे बघते. शेवटी पार्लरवालीच म्हणाली, "घरी येते. लावून, काढून दाखवा. मग ठरवू." मला वास लागला आणि मी वाटी उचलली.

"आली का तू? आणि तुझी वाटी?" सासूबाईंनी माझं स्वागत केलं.

"साखर संपली हो, काकू."

"तुमच्याकडे माणसं राहतात की मुंग्या?"

तिकडे पार्लरवाली एकेक लट बोटांत फिरवून बघत होती. "काम सुरेख आहे, ताई. पण काढताना गिऱ्हाइकाचा केस ओढला गेला, तर बोलणी मला खावी लागतात."

"मग तुम्हीच काढून बघा की." वहिनीने पाठ वळवली. "वर पिन आहे. दाबा, अलगद येईल."

पार्लरवालीने चाचपलं. दाबलं. टक्‌.

आणि अलगदच आली. लट, वेणी, सगळंच.

झालं होतं असं की वेणीलाही वहिनीने तसलीच पिन लावलेली होती, जरा मोठी. रोज ती लट वेणीच्या मध्यावर अडकवायची. त्या दिवशी घाईघाईत नेमकी मुळाशी अडकवली, पिनेला पिन लागून. पार्लरवालीच्या बोटांना काय कळणार, कुठली कशाची?

वहिनीच्या मानेवर उरली होती उंदराच्या शेपटीएवढी एक गाठ. पार्लरवालीचा हात हवेतच. तिला ती वेणी धरवेना आणि टाकवेना. माझी वाटी सुटली ती इथेच.

वहिनीने पार्लरवालीकडे बघितलंच नाही. तिने बघितलं सासूबाईंकडे.

"माझेच आहेत, आई," ती पुटपुटली. "मागे तो मोठा ताप आला ना, त्यानंतर मूठ मूठ गळले. मी उशीवरचे, फणीतले वेचून ठेवले आणि दोऱ्यावर गुंफले. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही वेणी बघून..."

सासूबाई उठल्या. आता बहुतेक वेणीसकट सून घराबाहेर! त्यांनी दोन्ही हात डोक्यामागे नेले, एक काटा काढला, दुसरा काढला, आणि आपला तो गरगरीत अंबाडा उचलून टेबलावर ठेवला. ठेवला! भांडं ठेवावं तसा!

"ह्यालाही तुझी ती पिन लावून दे," त्या म्हणाल्या. "काटे फार टोचतात गं."

"आई, तुमचं पण?"

"मग? तू काय एकटीच?" आणि माझ्याकडे वळून, "तू तोंड मीट. दोरा जाईल."

मी तोंड मिटलं, पण नजर आपोआप पार्लरवालीच्या कपाळावरच्या झुलपांकडे गेली. ती दोन पावलं मागे सरकली. अंबाडा बघितला, वेणी उलटीपालटी करून शिवण शोधली, सापडली नाही.

"ताई, हे रोज माझ्यासमोर यायचं आणि मला कळलं नाही?" तिचा आवाज चिरकला. "उद्यापासून या. पण काचेजवळ नाही, आत पडद्यामागे. लटांसाठी पोरी बाहेर बसतील. ह्याच्यासाठी येणाऱ्या बायकांना मात्र पडदाच लागेल."

वहिनीने तिच्या हातातून वेणी परत घेतली. मग म्हणाली, "दोन्हीकडे बसेन. काचेजवळची खुर्ची मी सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती गेली ती त्या उंदराच्या शेपटीनिशीच, कानामागे एक निळी लट अडकवून. वेणी पिशवीत होती, नमुना म्हणून. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, अंबाडा नव्या पिनेवर घट्ट.

मी मात्र अजून सावरले नाही. काल समोरची काकू मान हलवून हसली, तर मी नकळत हात पुढे केला, पडलंच तर झेलावं म्हणून.